विणकामाचा उन्हाळी हिशेब : प्रस्तावना

महाराष्ट्रातल्या लोकरीच्या दुकानांचं वर्ष दसऱ्याला सुरू होतं आणि होळीला संपतं. दिवाळीनंतर काचेमागे गुलाबी-आकाशी गुंडे लागतात, लेकी-सुनांच्या बाळंतपणाची तयारी करणाऱ्या आया-आज्या टोपऱ्या-मोज्यांसाठी गर्दी करतात, आणि मार्च उजाडला की तोच माल पोत्यांत भरून माळ्यावर जातो. दुकानदाराच्या लेखी विणकाम हे थंडीचं काम. आता ही थंडी तरी किती? पुण्या-नाशकाला चार-सहा आठवडे स्वेटर अंगावर राहतो. मुंबईत आणि कोकणात तो कपाटातून निघतो तो महाबळेश्वरला जायचं ठरलं म्हणून. त्यातून लोकर म्हणून जे हातात पडतं ते बहुतेक वेळा लुधियानाकडून आलेलं अ‍ॅक्रिलिक असतं. त्यात घाम जिरत नाही, आणि मे महिन्यात मांडीवर त्याचं विणकाम घेऊन बसायची कुणाची छाती होत नाही.

आपल्याच घरात दुसऱ्या बाजूला क्रोशाचं काम बाराही महिने चालू असतं, आणि ते सुताचं असतं. जेवणाच्या ताटाभोवतीची महिरप, चौरंगावरचा रुमाल, दारावरचं तोरण, एके काळी टीव्हीवर आणि फ्रिजवर अंथरलेलं जाळीदार आच्छादन, बाळकृष्णाचा अंगरखा. देवाच्या अंगावर सुती क्रोशा शोभतो, भक्ताच्या अंगावर मात्र तो फार क्वचित चढला. लोकर अंगावर आणि सूत टेबलावर, अशी ही वाटणी आपण कधी तपासूनच पाहिली नाही. या पुस्तकाच्या लेखिकेने ती तपासली आहे. सुई आणि आकडी दोन्ही हाताशी धरून, सुती धाग्याने, उन्हाळ्यात विणायचे आणि उन्हाळ्यातच वापरायचे कपडे हा तिचा विषय आहे. मराठीत विणकामाची पुस्तकं कमी नाहीत, पण बहुतेकांत सूत हे लोकरीच्या गैरहजेरीत बोलावलेलं पाहुणं असतं. इथे घर त्याचं आहे.

हा हक्क इतिहासानेही त्याला दिला आहे. दोन सुयांवरच्या विणकामाचं नाव घेतलं की आपल्या डोळ्यांसमोर स्कॉटलंड, नॉर्वे, बर्फ आणि मेंढ्या येतात. पण अशा विणकामाचे जगातले सर्वांत जुने म्हणून ओळखले जाणारे नमुने इजिप्तमध्ये सापडले आहेत, आणि ते सुती आहेत. अकराव्या ते चौदाव्या शतकांच्या दरम्यानचे हे मोजे आणि तुकडे पांढऱ्या आणि निळीत रंगवलेल्या सुताचे असून त्यांवर अरबी अक्षरांच्या वळणाची नक्षी आहे. त्यांची सफाई पाहिली की हे पहिल्यावहिल्या हातांचं काम नव्हे, मागे मोठा सराव असला पाहिजे, हे कुणाही विणणारीला कळेल. त्याआधीचे इजिप्तमधलेच कॉप्टिक मोजे दिसायला तसेच असले तरी ते नेढं असलेल्या एका सुईने, दोऱ्याचे तुकडे ओवून केलेले आहेत. ती कला वेगळी.

जुन्या कैरोतल्या फुस्तात या वस्तीच्या उत्खननात गुजरातेतून गेलेल्या, ठसे मारलेल्या सुती कापडाचे ढीगभर तुकडे मिळाले. म्हणजे आपलं कापड त्या बाजारात होतं, पण विणकामाची सुई उलट प्रवासाने इकडे आलेली दिसत नाही. माझं मत असं की, आपल्याला तिची गरजच नव्हती. मोजा लागतो बूट घालणाऱ्याला. धोतर, लुगडं, उपरणं नेसणाऱ्या देशाला अंगाला चिकटणारं, ताणलं जाणारं कापड कशाला हवं होतं?

पुढे सुई भूमध्य समुद्र ओलांडून स्पेनमध्ये गेली. १२७५ मध्ये वारलेल्या फर्नांदो दे ला सेर्दा या राजपुत्राच्या थडग्यात विणलेल्या रेशमी उश्या मिळाल्या आहेत. उत्तरेकडे सरकता सरकता रेशीम-सुताच्या जागी लोकर आली आणि पुढची काही शतकं विणकामाचं सगळं गणित लोकरीवर बसलं. १५८९ मध्ये इंग्लंडमध्ये विल्यम ली यांनी मोजे विणण्याचं यंत्र केलं तेही लोकरीसाठी. गिरण्यांमुळे बारीक आणि स्वस्त सूत मुबलक मिळू लागल्यावर एकोणिसाव्या शतकात युरोपात, विशेषतः जर्मन भाषक मुलखात, पांढऱ्या सुताच्या जाळीदार विणकामाची लाट आली. विसाव्या शतकात हर्बर्ट नीबलिंग यांनी त्याच वाटेने गोल टेबलक्लॉथची फुलं-पानं इतकी अवघड करून ठेवली की, त्यांचे नमुने वाचणं हाच आजही एक स्वतंत्र छंद आहे.

क्रोशा त्या मानाने अगदी अलीकडचा. त्याचे छापील नमुने १८२३ च्या सुमारास ‘पेनेलोपे’ या डच मासिकात दिसू लागतात. त्याला खरी गती दिली ती भुकेने. आयर्लंडमध्ये १८४५ पासून बटाट्याचं पीक गेलं आणि माणसं अन्नावाचून मरू लागली, तेव्हा जोगिणींच्या शाळांनी आणि काही धनिक घरांतल्या बायकांनी गावोगावच्या मुलींना बारीक सुताचा क्रोशा शिकवला. महागड्या व्हेनिसच्या लेसची ती हुशार नक्कल होती. एका बाईने गुलाब करायचा, दुसरीने पान, तिसरीने सगळे तुकडे जाळीत बसवायचे. मोनहन परगण्यातलं क्लोन्स हे गाव त्या कामासाठी प्रसिद्ध झालं. मादमोझेल रिएगो दे ला ब्राँशार्दियेर यांनी त्याची पुस्तकं काढली आणि क्रोशा मध्यमवर्गीय दिवाणखान्यात पोहोचला. १८८६ मध्ये तेरेझ द डिलमाँ यांचा भरतकाम-विणकामाचा कोश आला. त्यामागे दोऱ्यांच्या व्यापारातली आज फ्रान्समध्ये असलेल्या म्युलुझची डीएमसी कंपनी उभी होती, हे लक्षात ठेवलेलं बरं. नमुने वाटायचे आणि दोरा विकायचा, ही युक्ती जुनी आहे.

दोऱ्याची तकाकी हा मात्र रसायनाचा भाग. जॉन मर्सर या इंग्लिश रंगारी-रसायनज्ञाने १८४४ मध्ये पाहिलं की, कॉस्टिक सोड्याच्या तीव्र द्रावणात सूत फुगतं, मजबूत होतं आणि रंग चांगला धरतं. ते आटतंही, म्हणून गिरणीवाल्यांनी त्याकडे पाठ फिरवली. १८९० मध्ये होरेस लो यांनी तेच सूत ताणून धरून बुडवलं, आणि आटणं थांबून वर चमक आली. क्रोशाच्या रिळावर ‘मर्सराइज्ड’ असं छापलेलं असतं ते यामुळे. तोरणाला हा दोरा उत्तम, कारण त्याची कड नीट उभी राहते. अंगाला तो जरा करकरीत लागतो आणि सुईवरून निसटतो. तान्ह्या बाळाच्या झबल्याला साधं, बिनचमकीचं सूत घ्यावं, असं लेखिका सांगते ते अगदी बरोबर आहे.

भारतात क्रोशा आला तो मिशनऱ्यांच्या आणि कॉन्व्हेंटांच्या हातून. गोव्यात पोर्तुगीज वळणाचा क्रोशा घरोघरी रुळला. आंध्रात गोदावरीच्या मुखाजवळच्या नरसापूर भागात एकोणिसाव्या शतकात स्कॉटिश मिशनरी दांपत्याने सुरू केलेलं लेसचं काम पुढे मोठ्या निर्यातीचा धंदा झालं. समाजशास्त्रज्ञ मारिया मीज यांनी १९८२ मध्ये ते काम करणाऱ्या बायकांवर पुस्तक लिहिलं. दिवसाचे कित्येक तास लेस करणाऱ्या या बायका जगाच्या बाजारासाठी राबत होत्या, पण हिशेबात त्या गृहिणीच राहिल्या आणि त्यांचं काम फावल्या वेळचा उद्योग ठरलं. नफा व्यापाऱ्याकडे गेला. नरसापूरच्या या लेसला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं; मजुरीचा प्रश्न मानांकनाने सुटत नाही, हे वेगळं सांगायला नको. विणकामावर लिहिणारे लोक मनःशांतीबद्दल फार बोलतात. नरसापूरबद्दलही बोलावं, असं मला वाटतं.

मराठी घरांनी या परकीय कलेला आपलं वळण दिलं ते फिले पद्धतीत. एक खांब, दोन साखळ्या, पुन्हा एक खांब, असे चौकोन करत जायचं आणि हवे तिथले चौकोन भरायचे. दारावरच्या तोरणात ‘सुस्वागतम्’ अशी अक्षरं विणलेली पाहा. शिरोरेषा म्हणजे भरलेल्या चौकोनांची सरळ ओळ. ती या पद्धतीला इतकी सोयीची की जणू देवनागरी क्रोशासाठीच घडली असावी. पंचाईत होते ती ‘स’ आणि ‘ग’च्या वळणांपाशी. गोलाईच्या पायऱ्या होतात आणि अक्षर अडखळतं. जुन्या हातांनी तिथे चौकोन अर्धा भरायची तोड काढली होती. अशा तोडी कुठल्याच पुस्तकात नसतात, त्या आत्याकडून भाचीकडे जातात. या पुस्तकाने त्यांतल्या काही कागदावर आणल्या आहेत, हे मला त्यातलं सर्वांत मोलाचं काम वाटतं.

आता मूळ मुद्दा, धाग्याचा. अंगातला टी-शर्ट काढून उलटा करून पाहा. बाहेरून उलट्या डोक्याच्या बाणांच्या रांगा दिसतात, आतून आडवे उंचवटे. एक सुई सुलट, एक सुई उलट विणली की हेच कापड होतं. तिरुपूरच्या होजिअरी कारखान्यांतली यंत्रं ते फार बारीक सुतात आणि फार वेगाने करतात, एवढाच फरक. म्हणजे विणलेलं सूत आपण उन्हाळाभर घालतोच. मग हाताने विणलेला सुती टॉप दोन धुण्यांत गुडघ्यापर्यंत का लोंबतो?

कारण बाईने तो लोकरीच्या हिशेबाने विणलेला असतो. लोकरीचा तंतू जन्मतः कुरळा असतो, ताणून सोडला की मागे येतो. कापसाचा तंतू चपटा आणि पीळ पडलेला. तो मजबूत आहे, ओला झाला तर अधिकच मजबूत होतो, पण मागे येणं त्याच्या स्वभावात नाही. शिवाय तो लोकरीहून जड. तेवढ्याच आकारमानाला सुताचं वजन साधारण सहाव्या हिश्शाने जास्त भरतं. चार पदरी सुताचा बिनबाह्यांचा टॉप अडीचशे-तीनशे ग्रॅमचा होतो, लांब बाह्या घातल्या तर अर्धा किलो ओलांडतो. हे सगळं वजन खांद्यावरच्या शिवणीला टांगलेलं असतं, आणि धुतल्यावर त्यात पाण्याची भर पडते. कमरेची एक सुलट एक उलट अशी बॉर्डर लोकरीत अंग धरून बसते. सुतात ती आठवड्याभरात ढिली पडून झालरीसारखी सुटते.

तेव्हा सुताचा हिशेब वेगळा. सुई लोकरीपेक्षा एक नंबर बारीक घ्यायची. (आपल्या दुकानांतून अजून जुने इंग्रजी नंबर चालतात: १० नंबर म्हणजे सव्वातीन मिलिमीटर, १२ नंबर म्हणजे पावणेतीन. नंबर चढला की सुई बारीक होते, आणि क्रोशाच्या दोऱ्याचंही तसंच. २० नंबरापेक्षा ४० नंबरचा दोरा बारीक.) बॉर्डरच्या जागी दुमडलेली कड किंवा मुक्या खांबांची ओळ घालायची. खांद्याची शिवण पट्टीने पक्की करायची. लांबी मुद्दाम आखूड ठेवायची, कारण उरलेलं काम वजन करणार आहे.

आणि नमुन्याचा तुकडा विणायचाच. आपल्याकडे सगळ्यांत जास्त कंटाळा याचा. तीस टाके घाला, तीस-चाळीस ओळी विणा, मग तो तुकडा रोजच्या साबणाने धुवा, खालच्या कडेला कपडे वाळत घालायचे दोन चिमटे लावून रात्रभर टांगा, आणि सकाळी मोजा. विणताना दहा सेंटीमीटरला चोवीस टाके आले म्हणून नव्वद सेंटीमीटर छातीला २१६ टाके घातले आणि धुतल्यावर ते बावीसवर आले, तर छाती अठ्ठ्याण्णव सेंटीमीटरची होते. आठ सेंटीमीटर म्हणजे बारीक अंगाच्या मुलीला तो कपडा गेलाच. एका रात्रीच्या टांगणीने तीन आठवड्यांचं उसवणं वाचतं.

सुती विणकामात टाके असमान दिसतात, ही नव्या मुलींची नेहमीची तक्रार. हात वाईट नसतो. लोकर धुतली की टाके आपसात जागा वाटून घेतात. सूत तसं करत नाही, जसं विणलं तसं राहतं. बऱ्याच जणींची उलट सुई सुलटीपेक्षा सैल पडते, आणि सुतात ते पट्ट्यापट्ट्यांनी दिसतं. गोल सुईवर विणलं की उलट सुई येतच नाही. धागा डाव्या हातात धरणाऱ्या, उजव्या हातात धरणाऱ्या आणि पोर्तुगालसारख्या देशांत मानेभोवतून घेणाऱ्या अशा तीन मोठ्या परंपरा आहेत. तिसरीत उलट टाका अंगठ्याच्या एका हालचालीत होतो. सुतासाठी ती शिकून घ्यावी, असं मी माझ्या वर्गात सांगते. फारसं कुणी ऐकत नाही.

खादी भांडारातलं हातसूत विणायचा मोह वर्ध्याकडच्या बायकांना होतो. पण हे सूत एकपदरी; त्याचा पीळ मोकळा असतो आणि कापड तिरकं जातं. चौकोनी रुमालाचा शंकरपाळा होतो. दोन पदर उलट पिळाने एकत्र केले तर ते सरळ राहतं. कापसाच्या मुलखात बसून हा प्रयोग अजून पुरेसा झालेला नाही.

उन्हाळाही सगळीकडे एक नाही, आणि या पुस्तकाची खरी ताकद इथे आहे. नागपूर-अकोल्याचं ऊन कोरडं. तिथे सुतात घाम जिरतो, लगेच उडतो आणि अंग गार होतं. जरा दाट वीणही चालते, उलट उन्हापासून ती खांदे झाकते. मुंबई, रत्नागिरी, पणजीला हवाच ओली. सुतात जिरलेला घाम तिथे बराच वेळ तसाच राहतो, आणि दाट विणलेला टॉप अंगावर ओल्या फडक्यासारखा बसतो. तिथे वारा आत यायला भोकं हवीत. दोन टाके एकत्र करून शेजारी सुईवर दोरा घेऊन पाडलेली जाळी, किंवा क्रोशात खांबांमधल्या साखळ्या, या तिथे नक्षी नसून गरज आहेत. क्रोशाचं कापड मुळात विणकामापेक्षा जाड, कारण प्रत्येक खांबात दोरा स्वतःभोवती अनेकदा फिरतो. म्हणून दोरा बारीक आणि आकडी मोठी, हे किनारपट्टीचं सूत्र. पावसाळ्यात हे सगळं कोरड्या डब्यात ठेवायचं, नाहीतर सुताला बुरशी येते आणि पोलादी आकडीचा गंज पांढऱ्या दोऱ्याला लागतो.

गेल्या पन्नास-साठ वर्षांत बाहेर काय झालं, तेही नवख्या वाचकाला थोडं ठाऊक असावं. अमेरिकेत बार्बरा वॉकर यांनी वरून खाली, म्हणजे गळ्यापासून कमरेकडे विणायची पद्धत १९७२ च्या पुस्तकात मांडली. लोकरीसाठी ती सोय होती, सुतासाठी ती वरदान आहे. घालून पाहत पाहत लांबी ठरवता येते. जपानने नमुने शब्दांतून सोडवून खुणांच्या तक्त्यांत आणले आणि उन्हाळी विणकामाचा स्वतंत्र हंगामच उभा केला. ब्रिटिश आणि अमेरिकन पुस्तकांत एकाच नावाचे टाके वेगळे असतात, त्यामुळे यूट्यूबवर शिकलेली मुलगी आजीचं पुस्तक उघडते तेव्हा गोंधळते; तक्ते असले की ते भांडण मिटतं. या पुस्तकात तक्ते आहेत आणि शेजारी साखळी, मुका खांब, अर्धा खांब, खांब हे आपले शब्द. आपल्याकडे २०१६ मध्ये चेन्नईत ‘मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स’ या गटाने क्रोशाचा जागतिक विक्रम केला. अकरा हजार चौरस मीटरांहून मोठं काम, शेकडो हात, अभिमान वाटावा असंच. पण भर चेन्नईत विणलं काय, तर पांघरूण!

आज हे पुस्तक का, याचं एक कारण बाजारात टांगलेलं आहे. गेली काही वर्षं तरुण मुलींमध्ये क्रोशाच्या टॉपची फॅशन आली आहे आणि मॉलमध्ये ते काही शे रुपयांत मिळतात. सुयांवरचं विणकाम यंत्राला जमतं. खरा क्रोशा कारखान्यातल्या यंत्राला अजून जमलेला नाही. यंत्रावर त्याची नक्कल होते. म्हणजे दुकानात अस्सल क्रोशाचा टॉप दिसला तर तो कुठल्यातरी बाईने हाताने केलेला आहे, आणि किमतीतून दुकान, दलाल, वाहतूक वजा करून तिच्या हातात काय पडलं असेल ते ज्याने त्याने मोजावं. स्वतः एक टॉप विणला की हे मोजमाप आपोआप होतं. दुसरं कारण, आपले उन्हाळे आता लांबत चालले आहेत आणि कपाटं पॉलिएस्टरने भरली आहेत. तिसरं अगदी साधं: हातांना आठ महिने रिकामं का ठेवायचं? लोकलच्या डब्यात दोन लांब सुया चालवणं शेजारणीच्या बरगड्यांना परवडत नाही. वीतभराची आकडी आणि दोऱ्याचं एक रीळ पर्समध्ये मावतं आणि बोरिवलीपासून चर्चगेटपर्यंत रुमालाचे दोन फेरे होतात.

लेखिकेने पुस्तकाची आखणी हंगामाच्या आणि हवेच्या अंगाने केली आहे, टाक्यांच्या अवघडपणाने नाही. यामुळे पहिल्याच भागात नवख्या विणणारीला जाळी भेटते आणि ती थोडी बिचकते, बिचकू द्यावं. मापं आपल्या अंगांची आहेत, परदेशी पुस्तकांतून उचललेली नाहीत. पुरुषांसाठी फार काही नाही, एक बंडी सोडली तर. लहान मुलांचा भाग अधिक मोठा हवा होता. दोऱ्यांची निवड करताना तिने कुठल्याच कंपनीची बाजू घेतलेली नाही, पदर आणि जाडी सांगून ती पुढे जाते. रिळावर वजन छापतात आणि लांबी छापत नाहीत, त्या दुकानदारी सवयीवर तिने चांगलंच तोंड सोडलं आहे, आणि लांबी घरी कशी मोजायची तेही दिलं आहे.

एका गोष्टीवर तिचं आणि माझं पटलं नाही. नवशिक्यांनी सुरुवातच २० नंबरच्या मर्सराइज्ड दोऱ्याने करावी, म्हणजे हाताला पहिल्यापासून शिस्त लागते, असं तिचं म्हणणं. माझ्या वर्गात या दोऱ्याने सुरुवात केलेल्या मुली दुसऱ्या आठवड्यात डोळे दुखतात म्हणून यायच्या थांबतात. चार पदरी साधं सूत आणि तीन मिलिमीटरची आकडी द्या, तासाभरात चौकोन होतो आणि मुलगी पुढच्या वेळी येते. हस्तलिखित वाचल्यावर मी तिला हे कळवलं. तिने चहाला बोलावलं, सगळं ऐकून घेतलं, आणि प्रकरण जसंच्या तसं छापायला दिलं.